बाळंतखोलीतले शब्द



तुमच्या वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सारी उमर इस्पितळात काढलीत. आमच्या वर्गाला आरोग्याबद्दल काही सांगा." मी म्हटले, आरोग्याबद्दल सांगणारे पुष्कळ येतात. मी शब्दांबद्दल सांगते. तुम्ही अक्षरे शिकलात, आता शब्द वाचू लागला आहात. इस्पितळात बाळंतिणीच्या खोलीत जे शब्द रोज कानावर पडतात, ते कुठून आले आणि त्यांच्या पोटात काय आहे, एवढेच मी आज सांगणार आहे.

मला हा नाद का लागला, ते आधी सांगते.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी इस्पितळात परिचारिका होते. एके रात्री जीपगाडीतून एक पहिलटकरीण आली. रात्रभर वेणा देऊन बाई अर्धी झाली होती. बाळाचे पाय आधी बाहेर आले होते आणि डोके अडकले होते. डॉक्टरांनी शर्थ केली. बाई वाचली, बाळ वाचले नाही.

नवऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. चार दिवसांपूर्वी ती दोघे एका दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरांनी तपासून इंग्रजीत लिहिले होते, 'ब्रीच'. खाली लिहिले होते की कळा सुरू व्हायच्या आधीच मोठ्या इस्पितळात न्यावे. नवऱ्याला वाटले, हे औषधाचे नाव आहे. बाजारच्या दिवशी आणू, म्हणून त्याने चिठ्ठी जपून घडी करून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी त्या बाईने मला विचारले, "सिस्टर, त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

मी म्हटले, "मूल पायाळू आहे, असं लिहिलं होतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग पायाळूच का नाही लिहिलं? पायाळू म्हटलं असतं तर आमच्या सासूबाईंनाबी कळलं असतं."

मला उत्तर देता आले नाही. त्यांना वाचता येत नव्हते हे खरे. पण आम्हांलाही त्यांच्या भाषेत लिहायचे सुचले नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधायची मला सवय लागली.

तर आधी तो 'ब्रीच' शब्दच घेऊ. इंग्रजीत जुन्या काळी आखूड तुमानीला ब्रीच म्हणत. पुढे ती तुमान अंगाचा जो भाग झाकते त्या भागाला, म्हणजे बैठकीला, तेच नाव पडले. मुलाचे डोके खाली असायचे ते वर, आणि बैठक किंवा पाय खाली, म्हणून 'ब्रीच'. आपला 'पायाळू' शब्द तेच सांगतो आणि जास्त चांगले सांगतो. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणण्यात काही तथ्य नाही. पण शब्द खरा आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मूल पायाळू असले तरी भिऊ नये. पुष्कळ मुले आपोआप फिरतात. दिवस भरताना शंभरांत तीन-चार मुले तशीच राहतात. त्यांच्यासाठी मात्र मोठे इस्पितळ आधीच गाठायला हवे.

आता आपण इस्पितळाच्या दारातून आत जाऊ.

'हॉस्पिटल' हा शब्द लॅटिन भाषेतला. लॅटिन ही युरोपातली जुनी भाषा, आपल्या संस्कृतसारखी. त्या भाषेत 'हॉस्पेस' म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला आसरा देणारा यजमानसुद्धा. वाटसरूंना उतरायला जी जागा असे, तिथेच आजाऱ्यांचीही सोय होई, त्यावरून हॉस्पिटल. हाच शब्द घासून घासून आपले 'इस्पितळ' झाले. 'दवाखाना' मुसलमानी अमलात आला. दवा शब्द अरबी, खाना म्हणजे घर हा फारसी. आणि पाटीवर लिहितात ते 'रुग्णालय' संस्कृत. आलय म्हणजे घर. रुग्ण म्हणजे काय? मूळ अर्थ मोडलेला. रोगाने मोडला तो रुग्ण.

आता सांगा, बाळंत होणारी बाई मोडलेली आहे का? नाही. ती आजारी नाही. म्हणून तिच्या जागेला वेगळा शब्द आहे, प्रसूतिगृह.

'प्रसूती' या शब्दाच्या मुळाशी 'सू' असा एक लहानसा धातू आहे. सू म्हणजे जन्म देणे. या एका अक्षराची लेकरे किती आहेत पाहा. प्रसूती आणि प्रसव ही दोन. बाळंतिणीला संस्कृतात सूतिका म्हणतात, ते तिसरे. आपली सुईण ही चौथी. पुष्कळांना वाटते, सुईण हा शब्द सुईवरून आला. तसे नाही, बरं का! शिवायची सुई आली 'सूची' या शब्दावरून. सुईण आली 'सू' वरून. जन्माच्या वेळी हाताशी असते ती सुईण.

पाचवे लेकरू ऐकून तुम्ही चकित व्हाल. ते म्हणजे सूतक. आज आपण घरात कोणी वारले की सूतक धरतो. पण मुळात सूतक म्हणजे जन्म, आणि जन्मामुळे घरात पाळायचा विटाळ. हळूहळू शब्द जन्माकडून मरणाकडे सरकला. जन्माच्या विटाळाला आपण सोयर, सुवेर म्हणू लागलो. दोन्ही मिळून सोयरसुतक. ज्या विटाळापायी बाळंतीण कोंदट, अंधाऱ्या खोलीत टाकली जाई, तिच्याजवळ जायला माणूस कचरे, त्याचे नावच मुळी 'जन्म' असे आहे!

आता घरातले साधे शब्द घेऊ. बाळ जिच्याजवळ आहे ती बाळवंत. तिचीच झाली बाळंत आणि बाळंतीण. 'गरोदर' या शब्दाच्या शेवटी उदर आहे. उदर म्हणजे पोट. आपल्या आयाबाया तर एवढाही शब्द वापरत नाहीत. त्या म्हणतात, "तिला दिवस गेले." पाळीचे दिवस टळून गेले, एवढे बोलले की सगळ्यांना समजते. मग महिने मोजायचे, आणि नऊ महिने नऊ दिवस झाले की दिवस भरले. डॉक्टरही जवळजवळ असाच हिशेब करतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ते २८० दिवस धरतात. म्हणजे नऊ महिन्यांवर सुमारे सात दिवस. तुमच्या कार्डावर जी प्रसूतीची अंदाजे तारीख लिहिलेली असते, ती अशी काढलेली असते. म्हणून पाळीची तारीख नक्की आठवून सांगावी. आता तुम्हांला आकडे लिहिता येतात. घरच्या कालदर्शिकेवर त्या दिवसाला खूण करून ठेवा.

डोहाळे कशाला म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. पण या शब्दाचे मूळ फार सुंदर आहे. संस्कृत शब्द 'दोहद'. जुन्या वैद्यांनी त्याचा संबंध दोन हृदयांशी जोडला. सुश्रुताच्या ग्रंथात गर्भिणीला दोन हृदयांची बाई म्हटले आहे. एक तिचे स्वतःचे, एक पोटातल्या मुलाचे. तिला काही खावेसे वाटले तर ते दोघांचे मागणे समजावे, असा त्याचा भाव. कोणी सून म्हणाली की मला चिंच हवी, भाकरी नको, तर तिला चटोर म्हणू नका. पण एक ध्यानात ठेवा. माती, खडू, राख खावीशी वाटली तर ते नुसते डोहाळे समजून सोडून देऊ नका. अंगात रक्त कमी असले की असे पुष्कळदा होते. रक्त तपासून घ्यावे आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

'वेणा' हा शब्द 'वेदना' यातूनच आला. मधला 'द' बोलता बोलता गळून पडला.

आता 'डिलिव्हरी'. हा शब्द आता खेड्यातही सगळे बोलतात. याच्या मुळाशी लॅटिनमधला सोडवणे, मोकळे करणे असा शब्द आहे. ऐकताना मला नवल वाटले, कारण आपण काय म्हणतो? "सुनेची सुटका झाली." "हातीपायी सुखरूप सुटली." "मोकळी झाली." सात समुद्रांपलीकडच्या माणसांनी आणि आपल्या आजीने एकाच गोष्टीला एकच नाव दिले!

'सिझर' या शब्दाची एक गोष्ट सांगतात. रोमचा सेनापती ज्युलियस सीझर आईचे पोट चिरून जन्मला, म्हणून या शस्त्रक्रियेला त्याचे नाव पडले. ही गोष्ट खरी मानता येत नाही. त्या काळी आई मेली तरच मुलासाठी पोट चिरत. आणि सीझरची आई ऑरेलिया तर मुलगा मोठा होऊन नावारूपाला येईपर्यंत जिवंत होती. लॅटिनमध्ये कापणे या अर्थाचा एक धातू आहे, तो या शब्दाशी जोडतात. मतलब इतकाच की सिझर म्हटले की आई गेली, हे फार जुन्या काळचे भय आहे. आज भूल देता येते, रक्त देता येते, टाके स्वच्छ घालता येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात देशातल्या शंभरांपैकी २१ ते २२ बाळंतपणे सिझरची निघाली. गरज असताना नाही म्हणू नये. गरज आहे का, हे विचारायलाही लाजू नये. "डॉक्टरसाहेब, सिझर कशासाठी?" एवढे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. संमतीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तो वाचून घ्यावा, आणि आता तर सहीच करावी.

खोलीत कामाला कोण कोण असते? नर्स, दाई, आया, सिस्टर. 'नर्स' या शब्दाचा मूळ अर्थ दूध पाजून वाढवणारी. संस्कृतात 'धात्री' म्हणजे दूध पाजणारी. फारसीत 'दाया' म्हणजेही दूध पाजणारी. आपली दाई याच घरातली. तीन भाषा, एकच काम. 'सिस्टर' म्हणजे बहीण. ख्रिस्ती जोगिणी आजाऱ्यांची सेवा करीत, त्यांना सिस्टर म्हणत, तेच नाव पुढे सर्व परिचारिकांना लागले. 'आया' हा शब्द आईपासून झाला असे वाटते ना? पण तो पोर्तुगीजांनी आणला. त्यांच्या भाषेत मूल सांभाळणाऱ्या बाईला तसे म्हणतात. आणि 'मिडवाइफ' म्हणजे इंग्रजीत सुईण. जुन्या इंग्रजीत 'मिड' म्हणजे सोबत आणि 'वाइफ' म्हणजे बाई. बाईच्या सोबत असते ती मिडवाइफ. माझ्या नोकरीत मी पुष्कळ शिकले, पण या शब्दाइतके खरे काही नाही. वेणा देणाऱ्या बाईला औषध लागते तसे सोबत बसणारे माणूसही लागते.

आता मूल जन्मले असे समजा. मुलाला आईशी जोडणारी ती नाळ. संस्कृतात 'नाल' म्हणजे कमळाचा पोकळ देठ. फूल देठावर तसे मूल नाळेवर. नाळेच्या दुसऱ्या टोकाला वार. तिला डॉक्टर 'प्लासेंटा' म्हणतात. लॅटिनमध्ये प्लासेंटा म्हणजे सपाट गोड पोळी. रेआल्दो कोलोम्बो नावाच्या इटलीतल्या वैद्याने १५५९ साली छापलेल्या ग्रंथात हे नाव दिले. वार गोल आणि चपटी असते, म्हणून त्याला पोळी आठवली. वार पूर्ण पडली की नाही, हे पाहणे फार महत्त्वाचे. तिचा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही.

नाळ कापायची कशाने? पूर्वी विळ्याने कापत, जुन्या पात्याने कापत, वर राख किंवा शेण लावत. मग चार-सहा दिवसांनी मूल दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई, पाठ धनुष्यासारखी वाके. म्हणून त्या रोगाला नाव पडले धनुर्वात. धनु म्हणजे धनुष्य. लोक म्हणत, सटवीने नेले. सटवी हा शब्द 'षष्ठी' वरून आला. षष्ठी म्हणजे सहावी. सहाव्या रात्री सटवाई येऊन मुलाचे नशीब लिहिते, म्हणून तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती रात्र भयाची का होती, हे आता तुम्हांला कळले असेल. पण मारणारी सटवी नव्हती, मळके पाते होते. आईला गरोदरपणी धनुर्वाताची सुई टोचू लागले, नाळ स्वच्छ पात्याने कापू लागले, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की भारतात बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाले. सुई आणि स्वच्छता चालू ठेवली तरच ते टिकेल.

पहिल्या दुधाला आपण 'चीक' म्हणतो. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण आवडीने खातो, शेजारीपाजारी वाटतो. आणि आईचा चीक मात्र घाण म्हणून पिळून टाकायची चाल होती! वासराला जे पौष्टिक, ते आपल्या लेकराला घाण कसे? मूल जन्मल्यावर एका तासाच्या आत त्याला छातीशी धरावे आणि तो चीक पाजावा.

अपुऱ्या दिवसांचे मूल 'पेटीत ठेवले' असे आपण म्हणतो. त्या पेटीचे नाव इन्क्युबेटर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अंड्यांवर बसणे. खुडूक कोंबडी अंडी उबवते तसे. म्हणजे मुलाला हवी ती ऊब. पेटी नसेल तर लहानग्याला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून धरतात. ती ऊबही मोठे काम करते.

बाळंतरोग, म्हणजे बाळंतपणानंतर येणारा वाईट ताप. वैद्यांच्या भाषेत 'सूतिकाज्वर'. इथेही तोच 'सू'. व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बायका या तापाने कितीतरी जास्त मरत. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने १८४७ साली त्याचे कारण शोधले. डॉक्टर प्रेते चिरून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत होते. त्याने सर्वांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले. मरणे झपाट्याने कमी झाली. शिकलेल्यांचे हातही मळके असू शकतात, हे त्यातून शिकावे.

आपल्याकडच्या एका मुलीचे नाव इथे घेतलेच पाहिजे. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेले. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे त्यांच्या मनाला लागले. त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तो आपल्या जुन्या लोकांच्या प्रसूतिविद्येवर. परत आल्यावर १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या वारल्या. त्यांना फार थोडे आयुष्य मिळाले; पण आपल्या लोकांचे जुने ज्ञान त्यांनी परक्या देशात मांडून दाखवले.

आता शेवटचा शब्द. 'मॅटर्निटी'. लॅटिनमध्ये 'माटेर' म्हणजे आई. संस्कृतात 'मातृ'. दोन्ही एकाच कुळातले शब्द. वॉर्डाची मुख्य परिचारिका 'मेट्रन', तिच्यातही तीच आई. 'वॉर्ड' म्हणजे मुळात रखवाली. तेव्हा मॅटर्निटी वॉर्ड म्हणजे आईची राखण करण्याची जागा. आपल्याकडे अशी जागा आधीपासून आहे. पहिल्या बाळंतपणाला लेक कुठे जाते? माहेरी. 'मातृगृह', म्हणजे आईचे घर, याचेच झाले माहेर. महाराष्ट्रात आदिवासी भागांत गरोदर बाईला दिवस भरण्याआधी दवाखान्याजवळ येऊन राहता यावे म्हणून जी सोय केली, तिला 'माहेरघर' असे नाव दिले आहे. ज्याने ते नाव दिले, त्याला शब्द कळत होता.

इस्पितळ माहेरासारखे असते का? नेहमी नसते, हे मी तिथे राहिले म्हणून सांगते. बायकांवर खेकसणे होते, अवघड शब्द तोंडावर फेकणे होते. ते बदलायचे तर दोन्हीकडून बदलायला हवे. आम्ही सोपे बोलायला हवे. तुम्ही विचारायला हवे.

म्हणून जाता जाता एवढेच सांगते. गरोदरपणाचे कार्ड जपून ठेवा आणि त्यावरचे आकडे स्वतः वाचा. आशाताईला विचारा. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे पैसे द्यावे लागत नाहीत, सिझरचेही नाहीत. २०११ पासून तसा कार्यक्रम आहे. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे आकडे पाठ करा. आणि कोणी चिठ्ठी दिली तर ती घडी करून खिशात ठेवू नका. तिथेच उभे राहा आणि म्हणा, "साहेब, हा शब्द वाचून दाखवा. आणि आमच्या भाषेत याला काय म्हणतात, तेही सांगा."

त्या बाईने मला जे विचारले, ते तिने चार दिवस आधी त्या दवाखान्यात विचारले असते, किंवा तिथल्या माणसाने आपणहून सांगितले असते, तर तिचे मूल आज मोठे झाले असते. एक शब्द कळण्याचे मोल एवढे आहे.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवते. तुमचे काही शब्द असतील तर आता विचारा. मी बसले आहे.